गुलाबी कोल्हीची दर्शनबारी

लीनाबेल नावाच्या गुलाबी कोल्हीला भेटायला आम्ही एक तास चाळीस मिनिटं रांगेत उभे होतो. भेट चालली दीडेक मिनिट. तेवढ्यात आमची सात वर्षांची लेक आजीच्या पदराआड लपली, आणि कोल्हीला भेटल्या त्या सासूबाईच. हाँगकाँग डिस्नेलँडहून आम्ही परत आल्यापासून बडोद्याच्या दांडिया बजारातली दोन-तीन घरं ‘आम्ही पण उन्हाळ्यात जातोय, काय काय बघायचं?’ म्हणून विचारतायत. काय बघायचं ते सगळीकडे लिहिलेलं आहे. कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही, ते मी सांगते.

आधी जाण्याचं उरकून टाकते. बडोद्याहून रात्रीची गाडी, पहाटे बोरिवलीला उतरून विमानतळ, मुंबईहून थेट विमान. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत हाँगकाँगचा व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावीच लागते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते आणि सहा महिने चालते. आम्हाला एका एजंटाने याचेच माणशी पैसे सांगितले होते, तेव्हा सावध. नोंदणीची चिठ्ठी कागदावर छापून घ्या, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. पहिल्या दिवशी आपल्या सवयीने साताला उठलात तर तिथे साडेनऊ वाजलेले असतात. हे आत्ता क्षुल्लक वाटेल, पुढे कळेल.

आम्ही त्सिम शा त्सुईला उतरलो होतो, कारण तिथे शाकाहारी जेवणाची चिंता नाही. तिथून मेट्रोने लाय किंग, गाडी बदलून सनी बे, आणि तिथून डिस्नेलँडची खास छोटी गाडी. हिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत, धरायच्या कड्यासुद्धा तशाच. लेक इथेच अर्धी खूश झाली. कमाटी बागेतल्या आगगाडीची मोठी बहीण म्हणा. ऑक्टोपस कार्ड विमानतळावरच घेतलं की मेट्रोच्या तिकिटांची भानगड राहत नाही.

आता आमची पहिली चूक. गर्दी टाळायची तर शनिवार-रविवार नको, हे मला ठाऊक होतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतला बुधवार निवडला, २९ ऑक्टोबर २०२५, आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तो दिवस निघाला चुंग यूंगचा. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याची नवमी. त्या दिवशी तिथले लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, डोंगर चढतात, आणि हाँगकाँगला सार्वजनिक सुट्टी असते. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘म्हणजे आपली दिवाळी झाली न् यांचा पितृपंधरवडा.’ पितरांना भेटून झाल्यावर उरलेला दिवस बरीच मंडळी डिस्नेलँडला काढत असावीत. तेव्हा तारीख ठरवताना आपलं कालनिर्णय मिटून ठेवा आणि हाँगकाँगच्या सुट्ट्यांची यादी उघडा. चुंग यूंग दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो, कधी दसऱ्याच्या आसपास, कधी दिवाळीनंतर. चीनच्या १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाचा आठवडा, चिनी नववर्ष आणि १ मेचे दिवसही सोडा. आणखी एक खूण: तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात. ज्या दिवशी तिकीट महाग, त्या दिवशी गर्दी, हे खुद्द विकणाऱ्यानेच सांगून ठेवलेलं असतं. मी दर पाहिला होता, पण हजारभर रुपयांनी काय होतंय म्हणून सोडून दिलं.

दुसरी चूक त्या अडीच तासांची. न्याहारी, सासूबाईंची पूजा, दोनदा गाडी बदलणं, असं करत आम्ही आत शिरलो तेव्हा दार उघडून तास उलटून गेला होता. आणि तिसरी चूक सगळ्यात महागाची: आधी राइड घेतल्या.

सकाळी राइड आणि दमल्यावर सावकाश मिकी-मिनी, असा माझा हिशोब होता. तो उलटा हवा होता. राइडमध्ये दर दोन-चार मिनिटांनी पाळणाभर माणसं आत जातात. पात्राला, म्हणजे पोशाख घालून भेटणाऱ्या मिकीला किंवा लीनाबेलला, मात्र एका वेळी एकच कुटुंब भेटतं. एका कुटुंबाला दीड मिनिट धरलं तर पुढे चाळीस कुटुंबं म्हणजे सरळ एक तास. म्हणून रांगेतली डोकी मोजू नका, घरं मोजा. आपल्यासारखी पाच जणांची टोळी म्हणजे एक घर, आणि एकटी आलेली कॉलेजातली मुलगी म्हणजेही एक घरच. तिथे लीनाबेलच्या रांगेत अशा एकट्या-दुकट्या मुलीच फार असतात, त्यामुळे रांग दिसते लहान आणि सरकत नाही. शिवाय राइडची रांग टाळायला जादा पैसे भरून प्रीमियर अ‍ॅक्सेस घेता येतो, मिरवणुकीच्या वेळी ती आपोआपही ओसरते. पात्राची रांग ओसरत नाही, बंद होते.

ही बंद होण्याची गोष्ट आधी कळलेली बरी. पात्र दिवसभर एका जागी उभं नसतं. त्या फरच्या पोशाखात उकडतं, म्हणून ठरावीक वेळाने ते आत जातं. सोबतची सेविका गोड आवाजात सांगते की लीनाबेलला आता थोडी विश्रांती हवी आहे. सासूबाईंनी मान डोलावली, ‘नैवेद्याला पडदा लावलाय, थांबा.’ पडदा उघडेपर्यंत रांग आहे तिथेच. आणि शेवटच्या फेरीच्या बऱ्याच आधी एक जण रांगेच्या शेपटाशी येऊन उभा राहतो, त्याच्यामागे कुणाला घेत नाहीत. जितके भेटून होतील तितकेच घ्यायचे, ही पद्धत मला रास्त वाटली. पण मिकीच्या रांगेला आम्ही त्या माणसानंतर अर्ध्या मिनिटाने पोचलो, आणि लेकीला रास्त म्हणजे काय ते समजावणं माझ्या आवाक्यात नव्हतं. भेटीच्या वेळा उद्यानाच्या अ‍ॅपवर असतात. सकाळी एकदा आणि दुपारी पुन्हा बघा, आणि दिलेल्या वेळेला न पोचता तिच्या आधी पोचा.

आता ही लीनाबेल कोण? आम्हालाही माहीत नव्हतं. लेक घरून ‘फ्रोझन’ सिनेमातल्या एल्साचा जप करत आली होती. पण मेट्रोत प्रत्येक दुसऱ्या मुलीच्या पिशवीला एक गुलाबी कोल्ही लटकलेली पाहिली आणि सनी बेपर्यंत हिचा पक्ष बदलला. लीनाबेलचा सिनेमा नाही. २९ सप्टेंबर २०२१ ला ती शांघायच्या डिस्नेलँडमध्ये अवतरली आणि नुसत्या बाहुल्यांच्या आणि भेटींच्या जोरावर एल्साच्या पंगतीला जाऊन बसली. ती गुप्तहेर आहे, हातात भिंग असतं. डफी या अस्वलाच्या मित्रमंडळींत ती सातवी. डफी, शेलीमे, जेलाटोनी, स्टेलालू, कुकीअ‍ॅन, ओलू मेल आणि ही. यातली कुकीअ‍ॅन ही कुत्री हाँगकाँगचीच लेक, २०१८ ची. तिला भेटा असं मी मुद्दाम सांगेन, तिच्यासमोर निदान आम्ही गेलो तेव्हा अर्धीसुद्धा रांग नव्हती. आपल्या पोरांना दोघीही सारख्याच अनोळखी, मग लहान रांग काय वाईट?

पण लेकीचं मन लीनाबेलवर. उभे राहिलो. नवऱ्याला पाण्याला पाठवलं आणि लगेच उमगलं की परत येताना त्याला पन्नास जणांना ‘एक्स्क्यूज मी’ करत यावं लागणार. तिथे रांगेत मध्येच सामील होणं लोकांना खपत नाही, आणि खपू नये. आधी पाणी, आधी बाथरूम, मग रांग. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले तेव्हा मी सेविकेला खुणेने विचारलं. तिने त्यांना बाजूच्या बाकावर बसू दिलं आणि नंबर जवळ आल्यावर यायला सांगितलं. न विचारता बसवलं असतं तर वाद झाला असता. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी रांगेत शिरण्याआधीच विचारावं.

बाकावर बसून त्यांनी आम्हाला पंढरपूर ऐकवलं. एका आषाढीला दर्शनबारीत त्या अठरा तास होत्या. ‘पण तिथे बारीत शिरण्याआधीच माणूस ठरवतो, पदस्पर्श की मुखदर्शन. पायांवर डोकं ठेवायचं तर रात्रभर उभं राहायचं, लांबून तोंड पाहायचं तर तासात मोकळं. तुम्ही काहीच ठरवलं नाहीत. आठ देवांची यादी आणलीत न् आठांचेही पाय धरायला निघालात.’

माझ्या पर्समधली यादी खरंच आठ नावांची होती.

डिस्नेलँडवर इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. पदस्पर्शाला एकच पात्र ठेवा, फार तर दोन, आणि ते पोराला निवडू द्या. बाकीच्यांचं मुखदर्शन. मिरवणुकीत आणि किल्ल्यासमोरच्या कार्यक्रमात मिकीपासून सगळे हात हलवत जातात. एल्सासाठी तर मुखदर्शनाहून थोडी बरी सोय आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलेल्या वर्ल्ड ऑफ फ्रोझनमध्ये प्लेहाउस इन द वुड्स नावाचं घर आहे. तिथे एका वेळी बरीच माणसं आत घेतात आणि अ‍ॅना, एल्सा, ओलाफ खेळ करून दाखवतात. गळ्यात पडून फोटो नाही, पण घरं मोजत बसावं लागत नाही. संध्याकाळी तिथे लेक एल्साकडे बघून इतका वेळ हात हलवत होती की मला वाटलं, सकाळी सरळ इथेच यायला हवं होतं.

व्हीआयपी दर्शनही आहे, नाही असं नाही. डिस्नेलँड हॉटेलातल्या एंचांटेड गार्डनमध्ये बुफे जेवताना पात्रं टेबलापाशी येतात. जेवण महाग आहे, पण तासाभराच्या दोन रांगा वाचतात आणि सासूबाई बसलेल्या राहतात, हे त्यात धरा. आधी आरक्षण करावं लागतं, ते आम्ही केलं नव्हतं.

तर ती भेट. आमच्या पुढची मुलगी आपली बाहुली लीनाबेलला दाखवत होती. बाहुलीला तिने स्वतः शिवलेला झगा घातला होता. कोल्हीने भिंग लावून त्या झग्याची शिलाई तपासली, टाळ्या वाजवल्या. मग आम्ही. लेकीने पाहिलं की ही आपल्या दुप्पट उंच आहे आणि बोलत नाही. एल्सासारख्या माणसाच्या चेहऱ्याच्या पात्रांना वाचा असते. मुखवट्याची पात्रं फक्त खुणा करतात. हे मी तिला सांगितलंच नव्हतं. ती थेट पदराआड. कोल्हीने वाकून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि मग सासूबाईंचा हात धरून त्यांच्या हिरव्या बांगड्यांवर भिंग लावलं. एक-एक बांगडी. सासूबाई मराठीत म्हणाल्या, ‘मोज, मोज. दिवाळीतच भरल्यात.’ मग लीनाबेलने सुस्कारा टाकल्याची खूण केली, जणू चोरी पकडली. सेविकेने माझ्याच फोनवर फोटो काढून दिले. त्या दोघी हसतायत, नवरा सेविकेकडे बघतोय, आणि पदराखाली दोन बूट दिसतायत.

लहान मूल नेणार असाल तर त्याच्या हातात दाखवायला काहीतरी द्या. चित्र, बाहुली, अगदी नवीन टिकली चालेल. न बोलणाऱ्या पात्राला काहीतरी धरून सुरुवात करायला लागते, आणि मुलालाही. आमच्या लेकीने हॉटेलात लीनाबेलचं चित्र काढलं, पण परतल्यावर रात्री.

आम्ही घाईने परतलो, कारण देवउठी एकादशीला सासूबाईंना बडोद्यातल्या मांडवीच्या विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, चुकवायचा नव्हता. पालखी समोरून गेली तेव्हा लेक बापाच्या खांद्यावर होती. तिने आजीला विचारलं, ‘हे कुठे थांबतात, फोटोला?’ सासूबाई हात जोडून होत्या, त्यांना बँडमध्ये ऐकू गेलं नाही.