वॉर्सा : दुधाच्या किटलीत पुरलेलं दप्तर

वॉर्सात घेट्टोच्या, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीच्या, खुणा शोधायला आलेले बहुतेक जण पोलंडच्या ज्यूंचा इतिहास मांडणारं पोलिन संग्रहालय बघून परततात. माझं आग्रहाचं सांगणं असं, की सुरुवात ज्यू ऐतिहासिक संस्थेपासून करा. राटुश आर्सेनाव मेट्रो स्थानकाबाहेर निळा काचेचा टॉवर दिसतो. जर्मनांनी 16 मे 1943 ला सुरुंग लावून उडवलेलं मोठं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तिथेच होतं. संस्था त्याला लागूनच आहे, शनिवारी बंद. आत गेल्यावर आधी पायाखाली बघा. त्या वेळच्या आगीत भाजलेली फरशी तशीच ठेवली आहे.

इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी नोव्हेंबर 1940 मध्ये घेट्टोत 'ओयनेग शाबेस' (शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा, आनंद) हा गुप्त गट बांधला. दर शनिवारी बैठक. रोजनिश्या, रेशनकार्डं, मुलांचे निबंध, हेल्मनोच्या मृत्युछावणीतून (जिथे ज्यूंना ठार मारलं जाई) निसटलेल्याची जबानी, सगळं जमवलं. ट्रामची तिकिटं आणि चॉकलेटचे कागदसुद्धा! त्यांची दूरदृष्टी मला यातच दिसते. पुढच्या माणसाला काय लागेल ते आज ठरवायचं नाही, सगळं राखायचं.

ऑगस्ट 1942 मध्ये नोवोलिप्की रस्त्यावरच्या 68 क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात या कागदांच्या पत्र्याच्या दहा पेट्या पुरल्या. त्यांत पाणी झिरपलं. सप्टेंबर 1946 मध्ये त्या निघाल्या तेव्हा कागद भिजून चिकटले होते, शाई पसरली होती. फेब्रुवारी 1943 चा दुसरा साठा दुधाच्या दोन किटल्यांत होता; डिसेंबर 1950 मध्ये बांधकामाच्या मजुरांना तो सापडला, बऱ्याच चांगल्या स्थितीत. त्यातली एक किटली संस्थेत काचेआड आहे. तिसरा साठा आजवर मिळालेला नाही.

मग नोवोलिप्कीवर चालत जा. जुने घरक्रमांक शोधू नका, ते आज लागू पडत नाहीत. सगळा भाग जमीनदोस्त केला होता, नवी घरं ढिगाऱ्यावरच बांधली. म्हणून कित्येक इमारतींना पायऱ्या चढून जावं लागतं. खुणेला उरलं ते संत ऑगस्टीनचं चर्च.

शेवटी ट्रामने ओखोता भागात, ग्रुयेत्स्का रस्त्यावर. इथल्या 81 क्रमांकाच्या बागेत, काचघराखालच्या तळघरात रिंगेलब्लूम पत्नी आणि मुलासह लपले होते, तिथेही लिहीतच होते. 7 मार्च 1944 ला तळघराचा सुगावा लागला. काही दिवसांतच त्या तिघांना गोळ्या घातल्या. आसरा देणारे माळी मिएचिस्वाव वोल्स्की आणि त्यांचा भाचा यांनाही जर्मनांनी मारलं.