दर तासाला दहा मिनिटं

२८ ऑगस्ट २०२४ ला सकाळी आमच्या मॉनिटरवर अकोटा आणि मुजमहुड्याकडच्या साइट, म्हणजे मोबाइलचे टॉवर, एकामागून एक लाल होत होत्या, बंद पडत होत्या. जन्माष्टमीला, म्हणजे २६ तारखेला, पावसानं बडोद्याला झोडपलं आणि पाठोपाठ विश्वामित्री नदी फुगली. तिची धोक्याची पातळी २५ फूट. त्या दिवसांत पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. पाण्यात कुणाला शॉक बसू नये म्हणून कितीतरी भागांत वीज बंद केलेली. टॉवरला आधी बॅटरी असते, काही तास चालते. मग डिझेलचा जनरेटर. पण जनरेटर जमिनीलगत बसवलेला असेल तर पुरात तोच आधी बुडतो. अकोट्यातल्या आमच्या एका साइटचं नेमकं हेच झालं.

माझं काम रेडिओ नेटवर्कचं. कुठल्या वस्तीत कुठल्या टॉवरचा सिग्नल किती पोचतो ते पाहायचं, कमी असेल तिथं सुधारायचं. त्या सकाळी सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं, रस्तेच पाण्याखाली होते. दहाच्या सुमारास आमच्या एका फील्ड टेक्निशियनचा फोन आला. "ताई, माझ्या आत्याशी जरा बोलता का? ती त्याच बंद पडलेल्या साइटच्या मागे राहते. काकांचं डायलिसिस कालचं चुकलंय. बोटवाल्यांनी तिचाच नंबर लिहून घेतलाय आणि तिच्या फोनची बॅटरी भराभर उतरतेय."

काकूंचा आवाज शांत होता. पण शब्द तुटत होते. "काल संध्याकाळी इन्व्हर्टर बंद पडायच्या आधी मी फोन पुरता भरून घेतला होता गं. आता ३८ दाखवतोय. आणि मी काही वापरतही नाहीये. नेट बंद केलंय, वायफाय लावून ठेवलंय. वायफायनं बॅटरी कमी जाते ना?"

एरवी त्यांचं म्हणणं अगदी बरोबर. राउटर घरातच असतो, त्याच्याशी बोलायला फोनला फारसा जोर लावावा लागत नाही. मधल्या वेळात फोनचा वायफायचा भाग डुलकी घेतो, तोवर आलेला मजकूर राउटर धरून ठेवतो. मोबाइल डेटावर एखादा छोटासा मेसेज आला तरी फोनचा रेडिओ त्यानंतर बऱ्याचदा दहा सेकंदांपर्यंत जागा राहतो, अजून काही येईल म्हणून. दिवसभर असे मेसेज टपकत राहिले की हा जागेपणा साचत जातो. म्हणून घरी असाल तर वायफाय, हे मीही सगळ्यांना सांगते.

पण काकूंचा राउटर रात्रीच विझला होता. वायफायचं बटण चालू होतं, पलीकडे कुणी नव्हतं. आणि डेटा बंद केल्यानं फोनचं टॉवरशी असलेलं नातं तुटत नाही, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. कॉल यायला हवा म्हणून फोन टॉवरला धरूनच असतो. जवळचा टॉवर मेला की तो लांबचा शोधतो. काकूंच्या फोनला सापडला तो नदीपलीकडचा, दांडिया बाजारच्या बाजूचा. त्याचा सिग्नल येत-जात होता. तुटला की फोन सगळे बँड, म्हणजे सिग्नलच्या सगळ्या लहरी, चाळतो, ४जी पाहतो, २जी पाहतो, परत नोंदणी करतो, आणि दर नोंदणीला पूर्ण ताकदीनं ओरडतो. ४जी फोनची ती कमाल ताकद साधारण २०० मिलिवॅट, आणि तेवढी हवेत सोडायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट खेचली जाते. रात्रभर हेच चाललं होतं. स्क्रीन काळी, फोन उशाशी आणि आत ही दमछाक.

मी काकूंना सेटिंगमध्ये जायला सांगितलं. अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथं सिग्नल स्ट्रेंग्थ. त्यांनी वाचलं, "वजा १२१." हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. वजा १२१ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. "आता नदीच्या बाजूच्या गॅलरीत जा आणि पुन्हा वाचा." थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग, "वजा १०८." तेरा डेसिबलचा फरक म्हणजे सुमारे वीसपट सिग्नल. मग फोनलाही कमी ओरडावं लागतं. एका भिंतीनं एवढं केलं होतं.

मग मी विचारलं, इमारतीत कुणाचा राउटर अजून चालतोय का? तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे छोटा यूपीएस होता, फक्त राउटरपुरता, घरून काम करतो म्हणून घेतलेला. तो अधूनमधून लावत होता आणि नेट येत होतं. मला खूप हायसं वाटलं. घरात येणाऱ्या फायबरच्या वाटेवर जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागतच नाही, नुसता प्रकाश वाटून देतात. एक्स्चेंजमधलं यंत्र चालू असेल आणि तुमच्या टोकाला वीज असेल, तर मधली सगळी वस्ती अंधारात असली तरी नेट येतं. टॉवर मेले होते, फायबर जिवंत होतं.

त्या यूपीएसवर राउटर चार तास चालतो असं तो म्हणाला. सलग लावला तर दुपारीच संपला असता. म्हणून ठरवलं: दर तासाच्या ठोक्याला दहा मिनिटं राउटर. त्या दहा मिनिटांत सगळ्या घरांनी जिन्यात यायचं, निरोप पाठवायचे, घ्यायचे. बाकी वेळ सगळे फोन विमानाच्या चिन्हावर, म्हणजे विमान मोडवर, टॉवर शोधणंच बंद. ज्याची बॅटरी सगळ्यात जास्त असा एकच फोन नदीकडच्या गॅलरीत, नेटवर्कवर चालू. बोटवाल्यांना तो नंबर कळवायचं काम मी घेतलं, शिवाय काकूंना तासाच्या ठोक्यालाच फोन करा असंही सांगितलं.

अवघड होतं ते पुढचं. काकूंच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल घेण्याची सोय, बंद होतं. ते आधी चालू करवून घेतलं. मग म्हटलं, "आता विमानाचं चिन्ह दाबा. आपला फोन कटेल, घाबरू नका. त्यानंतर वायफाय हातानं पुन्हा लावा. मीच फोन करते." विमान मोड लावल्यावर वायफाय परत लावता येतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. "आणि नाही लागला तर? बोटवाले आले तर?" त्यांचं भय खरं होतं. त्या घरातला माणूस डायलिसिसवाचून बसला होता आणि मी त्यांना फोन तोडायला सांगत होते. मुलाला सांगून राउटर लावायला लावला, काकूंना जिन्यात उभं केलं आणि मग फोन कटला.

मी लगेच लावला, बंद लागला. पुन्हा लावला, बंद. तिसऱ्यांदा रिंग गेली आणि काकूंचा आवाज असा स्वच्छ आला की जणू शेजारच्या टेबलावरून बोलत होत्या. "अगं, किती स्पष्ट ऐकू येतंय!"

त्याच दुपारी उलटी गोष्ट घडली. नदीपासून लांब, वाघोडिया रोडकडच्या एका हॉलमध्ये पुरातून काढलेली माणसं ठेवली होती. कुणीतरी मोठ्या मनानं एक राउटर लावून दिला होता आणि झाडून सगळे त्यालाच चिकटलेले. तिथल्या स्वयंसेवकानं विचारलं, वायफाय आहे तरी फोन का तापतायत? शेकडो फोन एका राउटरकडे आपली पाळी मागत होते, मजकूर धडकून हरवत होता, पुन्हा पाठवला जात होता, आणि वाट पाहणाऱ्यांच्या स्क्रीन चालूच. आमचा टॉवर मात्र हॉलच्या पलीकडच्या गल्लीत, जनरेटरवर ठणठणीत. सिग्नल वजा ७५. मी सांगितलं, वायफाय बंद करा, डेटा वापरा, मेसेज पाठवला की स्क्रीन विझवा. ज्यांच्याकडे डेटा पॅक नाही त्यांच्यासाठी राउटर राहू द्या. एकाच शहरात, एकाच दिवशी, अकोट्याला एक उत्तर आणि इथं नेमकं उलटं. वायफाय की मोबाइल डेटा, याचं उत्तर सिग्नलचा आकडा पाहिल्याशिवाय देऊच नये असं माझं ठाम मत आहे.

संध्याकाळी सातच्या ठोक्याला काकूंचा मेसेज आला: बोट आली, आम्ही दोघं त्यात बसलो. फोनमध्ये २९ टक्के होते. काकांचं डायलिसिस त्याच रात्री झालं.

पाणी ओसरल्यावर त्या साइटचा जनरेटर पुराच्या खुणेच्या वर चौथरा बांधून बसवावा, असा अहवाल मी दिला आणि त्याचा पाठपुरावा सोडलेला नाही. काकूंच्या इमारतीनं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. वर्गणी काढून तिसऱ्या मजल्यावरच्या राउटरसाठी आणखी दोन यूपीएस घेतले, आणि वायफाय कॉलिंग कसं चालू करायचं ते त्या मुलानं घरोघरी जाऊन करून दिलं.