नळीत रंग आला, पण कशाचा?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक तक्ता असतो: अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन, कार्बोक्झिलिक आम्ल, एस्टर, अमाइन. रेणूचं रासायनिक वागणं ठरवणारे हे अणूंचे गट. इथली, म्हणजे बडोद्यातली, गुजराती पुस्तकं त्यांना ‘क्रियाशील समूह’ म्हणतात, महाराष्ट्रातली ‘क्रियात्मक गट’. स्मरणिका समितीने आठवणी मागितल्या आहेत, पण त्या लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी त्या तक्त्याबद्दलच लिहितो. न्यायवैद्यक रसायनशाळेतलं निम्मं काम त्याच्या आधारावर चालतं आणि तिथल्या चुकाही बहुतेक त्याच तक्त्याच्या चुकीच्या वाचनातून होतात.

बडोद्यात रसायनशास्त्र उपरं नाही. त्रिभुवनदास गज्जरांनी सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन उभं केलं, तिथे रंगाईचं रसायन शिकवलं जाई. १९०७ साली अलेम्बिक ही औषधांची कंपनी सुरू झाली, त्यात गज्जरांच्या बरोबरीने आपले कोटीभास्करही होते, आणि सुरुवातीचा माल होता टिंक्चर आणि अल्कोहोल. म्हणून सुरुवात अल्कोहोलपासूनच करू. दारूबंदीच्या राज्यात रसायनशाळेकडे सगळ्यात जास्त येतो तो अल्कोहोलमधला हायड्रॉक्सिल (OH) गटच.

रक्तातल्या इथेनॉलचा, म्हणजे पिण्याच्या दारूतल्या अल्कोहोलचा, जुना हिशेब डायक्रोमेटवर होता. आम्लात विरघळवलेलं नारिंगी पोटॅशियम डायक्रोमेट अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण करतं आणि स्वतः हिरवं होतं. १९५४ मध्ये बोर्कनस्टाइनने बनवलेलं श्वासाचं यंत्र याच तत्त्वावर चाले. पण हे हिरवेपण कुणामुळे आलं ते डायक्रोमेटला ठाऊक नसतं. मिथेनॉल, आयसोप्रोपेनॉल, अल्डिहाइड, ज्याचं ऑक्सिडीकरण होईल त्याच्याबरोबर तो हिरवा होतो. आज म्हणून हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी करतात: रक्ताचा मोजका भाग, त्यात तुलनेसाठी ठरलेल्या प्रमाणात एन-प्रोपेनॉल, बंद कुपी, साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग वरची वाफ यंत्रात. वाफेतले पदार्थ वेगळे करणाऱ्या दोन वेगळ्या स्तंभांवर आलेखातलं शिखर दोनदा इथेनॉलशी जुळलं तरच इथेनॉल लिहायचं.

गंमत म्हणजे चूक यंत्रात फारशी होत नाही. ती होते रक्त काढताना. दारूबंदीच्या नियमांप्रमाणे सुमारे ५ घन सेंटिमीटर रक्त घ्यायचं असतं आणि सुई, सिरिंज, कातडी यांना कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोल लागता कामा नये. स्पिरिटच्या बोळ्याने हात पुसला तर त्यामुळे आकडा किती वाढला हा प्रश्न दुय्यम राहतो, वकिलाला एवढंच पुरतं. कुपीत आधीच पूड असते: ५ मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि १५ मिलिग्रॅम पोटॅशियम ऑक्झलेट. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. फ्लोराइड यीस्ट आणि जिवाणूंची साखर तोडण्याची वाट मध्येच अडवतं, म्हणून कुपीत नवी दारू तयार होत नाही. पण पूड तळाशी तशीच राहिली आणि कुपी हलवलीच नाही, तर वर गाठ आणि खाली पांढरा थर घेऊन नमुना येतो. अर्धी भरलेली कुपीही नको. वरच्या मोकळ्या हवेत अल्कोहोल जातं आणि बूच उघडलं की उडून जातं. मृतदेह कुजू लागला असेल तर आणखी एक खोड: कुजताना इथेनॉलबरोबर थोडं एन-प्रोपेनॉलही तयार होतं. तेव्हा एन-प्रोपेनॉलला अंतर्गत मानक म्हणून धरून चालत नाही, टर्शरी ब्यूटेनॉल घ्यावं लागतं, आणि एन-प्रोपेनॉलचं शिखर दिसलं की ‘दारू प्यायलेला होता’ लिहिण्याआधी थांबावं लागतं.

आकड्यांबद्दल लोकांची गल्लत होते म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. दारूबंदी कायद्यात ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम. तिथून पुढे दारू प्यायल्याचं गृहीतक लागतं आणि औषधामुळे आलं असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. दोन्ही आकडे अख्ख्या रक्ताचे आहेत. रुग्णालयाचा रिपोर्ट बहुधा सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा असतो, आणि सीरममध्ये पाणी जास्त म्हणून अल्कोहोलही साधारण दहा ते वीस टक्के जास्त दिसतं. तो आकडा जसाच्या तसा उतरवून घेणं चूक.

आता लठ्ठा, म्हणजे विषारी दारू. गुजरातेत या शब्दाचा अर्थ समजावावा लागत नाही. २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून जास्त माणसं गेली, जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसहून जास्त. दोन्हीकडे मिथेनॉल. इथेनॉल आणि मिथेनॉल दोघांकडे तोच हायड्रॉक्सिल गट, वासही बराचसा तसाच. फरक एका कार्बनचा. यकृतातलं तेच विकर दोघांवर काम करतं. इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि मग अ‍ॅसिटिक आम्ल होतं, शरीर ते जाळून टाकतं. मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. ते साठतं, पेशींच्या श्वसनातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला अडवतं, आणि दृष्टीची नस आधी जाते. म्हणूनच उपचारात इथेनॉल किंवा फोमेपिझोल देतात: विकर गुंतवून ठेवायचं, मिथेनॉल न बदलता बाहेर पडू द्यायचं. माणूस दोन-तीन दिवसांनी गेला असेल तर रक्तात मिथेनॉल सापडेलच असं नाही. तेव्हा फॉर्मिक आम्ल शोधावं लागतं, म्हणजे पुढच्या गटाचा माग काढायचा.

बाटलीतल्या दारूत मिथेनॉल शोधायची क्रोमोट्रोपिक आम्लाची चाचणी अजून मला सगळ्यात नेटकी वाटते. नमुना ऊर्ध्वपातन करून घ्यायचा आणि अल्कोहोल पाच-सहा टक्क्यांपर्यंत खाली येईल इतकं पाणी घालायचं. फॉस्फरिक आम्लातलं पोटॅशियम परमँगनेट २ मिलिलिटर बर्फात थंड करून त्यात १ मिलिलिटर नमुना, अर्धा तास बर्फातच. मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड झालं. उरलेला जांभळा रंग सोडियम बायसल्फाइटच्या चिमटीने घालवायचा, ५ टक्के क्रोमोट्रोपिक आम्ल १ मिलिलिटर, मग संहत सल्फ्युरिक आम्ल १५ मिलिलिटर, अगदी सावकाश, फ्लास्क फिरवत. ६० ते ७५ अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं. जांभळा आला तर ५७५ नॅनोमीटरवर मोजायचा. इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड हा रंग देत नाही.

इथे बिघडतं कुठे? बायसल्फाइट जास्त पडलं की रंग फिका येतो, कारण ते अल्डिहाइड गटाला जाऊन चिकटतं आणि फॉर्माल्डिहाइड क्रोमोट्रोपिक आम्लासाठी उरतच नाही. नवशिक्याला वाटतं, थोडं जास्त घातलं तर काय बिघडलं! दुसरं, नमुन्यात मुळातच फॉर्माल्डिहाइड असेल तर परमँगनेटशिवायही जांभळा येईल. म्हणून परमँगनेट न घातलेली एक जोडनळी शेजारी हवीच.

फेनॉल गटासाठी, म्हणजे बेंझिनच्या कड्यावर बसलेल्या हायड्रॉक्सिलसाठी, फेरिक क्लोराइड, हे शाळेतही असतं. अ‍ॅस्पिरिनची ताजी गोळी १ टक्का फेरिक क्लोराइडला रंग देत नाही, कारण तिच्यातल्या फेनॉलवर अ‍ॅसिटिल बसलेला असतो. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून, थंड करून, आम्लाने जेमतेम उदासीन केली की सॅलिसिलेट मोकळं होतं आणि जांभळा उमटतो. आम्ल जास्त झालं की रंग गेला. आणि पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या जुन्या बाटलीतली गोळी न उकळताच रंग देते; त्या बाटलीला नाक लावा, व्हिनेगरचा वास येईल. गोळीतला एस्टर दमट हवेतच फुटलेला असतो. कच्च्या अफूत हेच फेरिक क्लोराइड लाल रंग देतं, तो मेकोनिक आम्लाचा. त्याच नमुन्यात मार्क्विस द्रवाने, म्हणजे फॉर्मालिनचे आठ-दहा थेंब घातलेल्या १० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्लाने, मॉर्फीनचा जांभळा आला तर दोन वेगळ्या गटांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. तेवढ्यानेही निकाल लिहायचा नसतो, पण पुढचं काम कुठून सुरू करायचं ते कळतं.

न्यायवैद्यक कामात अमाइन या नायट्रोजनवाल्या गटाचा इतिहास १८५० मध्ये बेल्जियममध्ये सुरू होतो. काउंट बोकार्मेने तंबाखूतून निकोटिन काढून मेहुण्याला पाजलं आणि माग पुसण्यासाठी व्हिनेगर ओतलं. तपास स्टास या रसायनशास्त्रज्ञाकडे आला. व्हिनेगरच्या आम्लाने निकोटिनचा क्षार झाला होता आणि क्षार पाण्यात राहतो. स्टासने कॉस्टिक पोटॅश घालताच अमाइन मोकळं झालं, वास सुटला, ईथरमध्ये उतरलं. व्हिसेराचं, म्हणजे मृतदेहातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांचं, काम आजही याच कल्पनेवर चालतं: आम्लात हलवून आम्लधर्मी आणि उदासीन पदार्थ काढायचे, मग अल्कली करून अमाइन काढायचे. मॉर्फीन मात्र इथे फसवतं. त्याच्याकडे अमाइनही आहे आणि फेनॉलही. कॉस्टिक सोडा घातला की फेनॉलचा क्षार होऊन ते पाण्यातच बसून राहतं, आणि पाटी कोरी येते. अमोनियाने सामू साधारण ९ ठेवायचा, त्याहून वर नाही, आणि ईथर सोडून क्लोरोफॉर्म-आयसोप्रोपेनॉल घ्यायचं. वेगळकारी नरसाळं जोरात हलवण्याचा मोहही आवरायचा. व्हिसेराच्या प्रथिनांनी असा दुधाळ थर बांधला जातो की संध्याकाळपर्यंत फुटत नाही.

बोटांच्या ठशातही अमाइनच. १९१० मध्ये रूहेमान या रसायनशास्त्रज्ञाला निनहायड्रिन या रसायनाचा जांभळा सापडला. घामातल्या अमिनो आम्लांवर तो ठशांसाठी वापरता येतो हे १९५४ मध्ये स्वीडनमधून पुढे आलं. ०.५ टक्के द्रावण, कागद त्यात बुडवून काढायचा किंवा फवारायचं, सुकवायचं, आणि अंधारात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. घाई असेल तर ८० अंश आणि ६५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा. बडोद्याच्या ऑगस्टात ही प्रक्रिया सुरळीत होते, मे महिन्यात कपाटात पाण्याची वाटी ठेवावी लागते. इस्त्री फिरवली की पार्श्वभूमीही जांभळी होते. द्रावणातल्या अल्कोहोलने शाई पसरते, म्हणून चिठ्ठीचा फोटो आधी, निनहायड्रिन नंतर. एटीएमची पावती थर्मल कागदाची असते, नेहमीच्या द्रावणात ती काळी पडते. कागद भिजला असेल तर अमिनो आम्लं धुऊन गेली. तेव्हा ठशातल्या चरबीकडे वळायचं, निनहायड्रिन वाया घालवायचं नाही. आणि हातमोजे न घालणाऱ्याची बोटं आठवडाभर जांभळी राहतात, ती लपत नाहीत.

गटाच्या चाचणीवर किती भरवसा ठेवावा याचं उदाहरण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं. १९७४ मध्ये तिथे दोन दारूगुत्त्यांत बॉम्बस्फोट झाले, २१ माणसं मेली. पकडलेल्या सहा जणांपैकी काहींच्या हातांवर ग्रीस (Griess) या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाची चाचणी केली: स्फोटकातला नायट्रेट एस्टर अल्कलीत नायट्राइट देतो, नायट्राइटपासून बनणारा डायझो रंग गुलाबी-लाल. रंग आला. पण तोच नायट्रेट एस्टर नायट्रोसेल्युलोजमध्येही असतो, आणि ते पत्त्यांच्या लेपातही असू शकतं. ही माणसं आगगाडीत पत्ते खेळत आली होती. शिक्षा रद्द झाल्या १९९१ मध्ये.

याच्या उलट टोकाला पेट्रोल आणि रॉकेल. त्यांच्याकडे रंगचाचणीला पकडता येईल असा गटच नाही, नुसते कार्बन आणि हायड्रोजन. जळालेल्या कपड्यात ते शोधायचं तर वाफ बंद राहिली पाहिजे. पण मुद्देमाल कापडात शिवून, वर लाखेची मोहर मारून येतो. मोहर शाबूत असते, रॉकेल वाटेतच उडून गेलेलं. साधी प्लॅस्टिकची पिशवीही हायड्रोकार्बन गाळते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा नायलॉनची पिशवी लागते.

आता शाळेच्या प्रयोगशाळेसाठी. ‘गट ओळखा’ म्हणून एकच नळी देण्यापेक्षा तीन बिनचिठ्ठीच्या नळ्या द्या: इथेनॉल, अ‍ॅसिटोन, मिथेनॉल. मिथेनॉल शिक्षकांनीच मोजून द्यावं, बाटली मुलांच्या हाती नको; डायक्रोमेटही शिक्षकांनीच थेंबाने घालावा, कारण तो कर्करोगकारक आहे. आयोडोफॉर्म चाचणीला पाच थेंब नमुना, १ मिलिलिटर १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, मग पोटॅशियम आयोडाइडमधलं आयोडिन थेंबथेंब, फिका तपकिरी रंग टिकेपर्यंत, आणि ६० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. इथेनॉल आणि अ‍ॅसिटोन पिवळे स्फटिक देतील, मिथेनॉल देणार नाही. डायक्रोमेट इथेनॉल आणि मिथेनॉलला हिरवा होईल, अ‍ॅसिटोनला नाही. दोन चाचण्यांत तिन्ही वेगळे पडतात. फक्त एक बघा: परीक्षानळ्या लवकर वाळाव्यात म्हणून आदल्या दिवशी कुणी अ‍ॅसिटोनने विसळल्या नाहीत ना. नाहीतर साध्या पाण्याची नळीसुद्धा पिवळी होईल, आणि सगळी बाकं खुशीने ‘आलं, आलं’ म्हणतील.