स्क्रब शेवटपर्यंत गेला: एचबीएचं दुखणं सापडलं

मंडळी, माझ्या आठ डिस्कच्या पूलवर (झेडएफएस या फाइल सिस्टिमने एकत्र बांधलेल्या डिस्क) काल रात्री सव्वानऊला लावलेला स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, पावणेतीनला पूर्ण झाला. एरर शून्य! तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. जागाच होतो, स्क्रीनवरून नजर हलत नव्हती.

डिस्क जोडायला आधी असलेलं पाच पोर्टांचं साटा कार्ड काढून एलएसआयचं ९२११-८आय हे एचबीए (डिस्क मशीनला नुसत्या जोडून देणारं कार्ड) बसवलं होतं. सेकंडहँड, आयटी मोडमध्ये (रेडशिवाय, डिस्क जशाच्या तशा दाखवणारं फर्मवेअर) फ्लॅश केलेलं, फर्मवेअर २०.००.०७.००. योग्य केबल लागल्यावर लिनक्सच्या एमपीटी३एसएएस ड्रायव्हरने आठही डिस्क पहिल्याच बूटला दाखवल्या. डिस्कची जुळणी स्वतःच करणारा रेड कंट्रोलर घ्यायचा नाही, साधा एचबीएच घ्यायचा, यावर मी ठाम आहे. झेडएफएसला डिस्क थेट दिसली पाहिजे, मध्ये कुणाची कॅश नको.

पण स्क्रब लावला की पाऊण तासात पूल सस्पेंड, म्हणजे वाचणं-लिहिणं ठप्प. संशय केबलवर. कार्डाच्या एका पोर्टातून चार डिस्क जोडायला फॉरवर्ड ब्रेकआउट केबल लागते; आधी दुकानदाराने उलट्या दिशेची रिव्हर्स ब्रेकआउट दिली होती, दिसायला हुबेहूब. एकही डिस्क दिसेना, त्यात अख्खा रविवार गेला. फॉरवर्ड आणली, मग तीही बदलून पाहिली. स्लॉट बदलला, पॉवर सप्लाय बदलला. तेच.

शेवटी कर्नलचा लॉग ओळीने वाचला. डिस्क एकेक करून जात नव्हत्या, आठही एकाच सेकंदाला जात होत्या. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) १९९ नंबरचा सीआरसीचा, म्हणजे केबलवरून डेटा येता-जाता झालेल्या चुकांचा आकडा एकाही डिस्कवर हलला नव्हता. केबल खराब असती तर तो वाढला असता. आणि त्या सगळ्याच्या वर ओळ होती: ‘एसएएस होस्ट इज नॉन-ऑपरेशनल’. म्हणजे कार्डच झोपत होतं.

कॅबिनेट उघडून हीटसिंकला बोट लावलं आणि चटका बसला. ही कार्डं सर्व्हरच्या चॅसिसमधल्या सोसाट्याच्या हवेसाठी बनवलेली. माझ्या कॅबिनेटमध्ये त्या स्लॉटपाशी हवा हलत नाही. मागच्या दोन पिना चिमट्याने दाबून हीटसिंक सोडवला. पेस्ट खडूसारखी सुकलेली, नखाने पापुद्रे निघाले. पुसून नवी लावली आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये स्क्रू आवळून ४० मिमीचा पंखा बसवला. आता बोट ठेवून दहा आकडे मोजता येतात.

डेलचं एच३१० (याच चिपचं रेड कार्ड) स्वस्तात मिळतंय म्हणून घेणाऱ्यांनी क्रॉसफ्लॅशची, म्हणजे डेलचं फर्मवेअर काढून एलएसआयचं चढवण्याची तयारी ठेवा. काही डेस्कटॉप बोर्डांवर कार्डाच्या बी५-बी६ पिनांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी पट्टी) लावल्याशिवाय मशीन बूटच होत नाही.

पुढे पीसीआयई ३.० साठी (कार्ड आणि बोर्डामधली जास्त वेगाची जोडणी) ९२०७-८आय हे कार्ड घेणार होतो. आत्ता लिहिता लिहिता हिशेब केला: ९२११ ला २.० च्या आठ लेन, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ जीबी. माझ्या आठ डिस्क २०० एमबीने धरल्या तरी १.६ जीबी. तो खर्च रद्द!

त्यापेक्षा दुसरंच सुचलंय. माझे चार मिरर (एकच डेटा ठेवणाऱ्या दोन-दोन डिस्कच्या जोड्या) आहेत आणि बोर्डावरचे साटा पोर्ट रिकामे पडलेत. प्रत्येक मिररची एक डिस्क एचबीएवर, दुसरी बोर्डावर. कार्ड पुन्हा झोपलं तरी पूल डिग्रेडेड होईल (उरलेल्या डिस्कवर चालू राहील), सस्पेंड होणार नाही. पूल बाय-आयडीने (पोर्टने नव्हे, डिस्कच्या स्वतःच्या ओळखीने) बांधलाय, त्यामुळे मशीन बंद करून फक्त केबल हलवायच्या. शनिवारी करतो. त्याआधी कुठली डिस्क कुठल्या मिररमधली, ती लेबलं लावून घेतो.