हजार रुपये दंड फक्त?

आज म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात वकील मित्र भेटला आणि भाजी-पाव खाता खाता विषय निघाला डायन ठरवून बायकांना मारतात त्याचा, डोकं अजून भणभणतंय. झारखंडमध्ये २००१चा डायन प्रथा प्रतिबंधक कायदा आहे, त्यात एखादीला नुसतं डायन ठरवलं तर शिक्षा काय, जास्तीत जास्त ३ महिने कैद नाहीतर १००० रुपये दंड, फार तर दोन्ही. अरे आज बाजारात इस्वणाचा (सुरमईचा) भाव काय होता! खून झाला की मग खुनाचं कलम, आणि फाशी म्हणाल तर सुप्रीम कोर्टाच्या १९८०च्या बचनसिंग निकालापासून ती फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसला.

पापुआ न्यू गिनीत तर १९७१चा जादूटोण्याचा कायदा होता, 'त्याने करणी केली म्हणून मारलं' असं सांगून खुनाची शिक्षा कमी करून घेता यायची. २०१३ला तो रद्द केला, असल्या खुनांना फाशी ठेवली, आणि २०२२ला फाशीच काढून टाकली.

मित्र म्हणतो लटकवायलाच पाहिजे. मला नाय पटत. अख्खा गाव मिळून मारायला गेला तर कोर्टात साक्ष देणार कोण? आणि बऱ्याच केसेसमध्ये मुळात जमिनीचं भांडण असतं, एकटी विधवा, तिच्या नावावर तुकडा, मग घरात पोर आजारी पडलं की बोट तिच्याकडेच. आपल्याकडे पण 'कोणी केलं' विचारायला घाड्याकडे, म्हणजे देवाचा कौल सांगणाऱ्या भगताकडे, जाणारे आहेतच की, शिकलेले पण, उगाच हसू नका. तो पोराच्या तापावर कोणाचं नाव घेतो ते कधी बघितलंय? शेजारणीचंच.