बदक खरोखरच वळत होते

जुने व्हिडिओ गेम कन्सोल दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. येणाऱ्या यंत्रांची दुखणी बहुधा ठरलेली असतात आणि दुरुस्ती झाली की ती माझ्या डोक्यातूनही जातात. परंतु काही महिन्यांपूर्वी चाळिशी ओलांडलेले एक भाऊ-बहीण निन्टेन्डोचा जुना एनईएस कन्सोल, त्याची बंदूक आणि ‘डक हंट’ या बदके टिपण्याच्या खेळाची कॅसेट घेऊन माझ्याकडे आले. ते यंत्र केव्हाच परत गेले, तरी ते प्रकरण मात्र माझ्या मनातून जात नाही.

आईवडिलांचे घर आवरताना त्यांना लहानपणीचे हे यंत्र सापडले होते. तक्रारी दोन होत्या. कन्सोल चालू केला की बहुतेक वेळा त्याचा लाल दिवा नुसता लुकलुकत राही. आणि कधी नशिबाने खेळ सुरू झालाच, तर बंदुकीने एकही बदक पडत नसे. बंदूक आधी दुसऱ्या एका मेकॅनिकने उघडून पाहिली होती आणि ‘सेन्सर गेला आहे’ असा निकाल देऊन परत केली होती.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा उलगडा सोपा आहे, पण बाहेरच्यांना तो सहसा ठाऊक नसतो. एनईएसमध्ये कॅसेट समोरून आत सरकवून खाली दाबतात आणि आतला ७२ पिनांचा कनेक्टर तिला धरतो. वापराने त्या पिना सैल पडतात आणि त्यांवर मळ चढतो. मात्र दिवा लुकलुकतो तो केवळ संपर्क तुटल्यामुळे नव्हे. परवानगीशिवाय बनवलेल्या कॅसेट चालू नयेत म्हणून कंपनीने कन्सोलमध्ये एक आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एक अशा जोडीच्या चिप बसवल्या होत्या. त्या दोघींचा सांकेतिक संवाद जुळला नाही, की कन्सोलमधली चिप साधारण सेकंदाला एकदा सगळे यंत्र रीसेट करत राहते; म्हणजे पिना मळल्या की अस्सल कॅसेटही नकली ठरते. कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारण्याची सवय जगभरच्या मुलांना याच दुखण्याने लावली. गुण येई तो कॅसेट पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजत. बाजारात मिळणारे नवे कनेक्टर कॅसेटला इतके आवळून धरतात की ती ओढून काढावी लागते, आणि तरीही पुष्कळ जण मूळ कनेक्टर बिनदिक्कत फेकून देतात, याचा मला संताप येतो. मी मूळ कनेक्टरच उकळत्या पाण्यातून काढतो, पूर्ण वाळवतो आणि अल्कोहोलने पुसून परत बसवतो. या यंत्रालाही तेवढेच पुरले.

बंदुकीकडे मात्र मी सावकाश वळलो, कारण तिच्याइतकी देखणी युक्ती त्या काळच्या घरगुती यंत्रांत मला दुसरी दिसत नाही. पुष्कळांना वाटते की बंदुकीतून एखादा किरण निघतो आणि टीव्ही तो टिपतो. खरे ते याच्या उलट आहे. बंदुकीच्या नळीत एक भिंग आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. बंदूक काहीही सोडत नाही, ती फक्त पाहते. ट्रिगर ओढताच खेळ सगळा पडदा एका फ्रेमपुरता काळा करतो आणि पुढच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बदके दोन असली तर चौकोनही एकामागून एक येतात, म्हणजे कोणते बदक लागले ते कळते. एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानातल्या टीव्ही-पद्धतीच्या, यंत्रात सेकंदाला सुमारे ६० फ्रेम असल्याने डोळ्याला फक्त एक चमक दिसते. सेन्सरला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, तरच नेम लागला असे धरले जाते. त्यामुळे दिव्याकडे बंदूक रोखून लबाडी करता येत नाही. शिवाय बंदुकीतले सर्किट जुन्या टीव्हीतल्या पिक्चर ट्यूबच्या वेगाशी जुळवलेले असते. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा आखत जातो, आणि त्या वेगाने थरथरणारा उजेडच या सर्किटला कळतो.

या भावा-बहिणीच्या घरी मात्र सपाट टीव्ही होता. असा टीव्ही आलेले चित्र आधी स्वतःजवळ घेतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. पांढरा चौकोन उशिरा पोहोचतो, आणि त्याच्या उजेडात ती थरथर नसतेच. त्या मेकॅनिकने बंदूक उघडली, ट्रिगरची स्प्रिंग चुकीची बसवून ठेवली, सेन्सरला दोषी ठरवले. पण ‘तुमचा टीव्ही कोणता?’ हा एक प्रश्न त्याला सुचला नाही. वस्तू जिथे वापरली जाते ते न विचारता नुसत्या वस्तूवर निकाल देणे हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र न्यायला दोघेही आले, तेव्हा मी ते माझ्या कामाच्या टेबलावरील पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला जोडून ठेवले होते. भावाने बंदूक उचलली आणि पहिल्याच ओढीत बदक पडले. त्यांचा चेहरा इतका खुलला की माझे काम तिथेच झाले, असे मला वाटले.

तेवढ्यात ताईंनी कंट्रोलर हातात घेतला. “दादा, आता तू मार. मी बदक वळवते.”

“अगं, अजून तेच?” ते हसले आणि मला सांगू लागले. बहीण लहान असताना ‘मलाही खेळायचे आहे’ म्हणून हट्ट धरून बसे. बंदूक दुसऱ्या सॉकेटला लागते, पहिल्या सॉकेटचा कंट्रोलर सुरुवातीला खेळ निवडला की नुसता पडून असतो. म्हणून तो बिनकामाचा कंट्रोलर ते तिच्या हाती देत आणि ‘तूही खेळते आहेस’ असे सांगत. ती मात्र ‘माझ्यामुळे बदक वळते’ असे ठामपणे म्हणायची. शेवटी एकदा त्यांनी वडिलांना समोर बसवून तिला बटणे दाबायला लावली. बदके आपल्याच मर्जीने उडत राहिली. वाद मिटला, आणि तेव्हापासून ‘ताईचे बदक’ हा त्या घरातला कायमचा विनोद झाला. तिच्या लग्नातसुद्धा तो सांगितला गेला होता.

मी एकाच बदकाचा खेळ, म्हणजे ‘गेम ए’, लावला आणि म्हणालो, “ताई, बदक वर आले की उजवीकडची बाजू दाबून धरा.”

गवतातून बदक डावीकडे निघाले. त्यांनी अंगठा दाबला. बदक पुढे जाता जाता उजवीकडे ओढले गेले. त्यांनी डावी बाजू दाबली, ते डावीकडे आले. भावाची बंदूक हळूहळू खाली आली. “पुन्हा करून दाखव,” ते म्हणाले, आणि तिने पुन्हा करून दाखवले.

‘डक हंट’मध्ये ही सोय मुळापासून आहे. १९८४ साली जपानात हा खेळ आला, नंतर एनईएसवर आला. एका बदकाच्या खेळात दुसऱ्या माणसाने कंट्रोलरने बदक फिरवावे, हे तो बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवले होते. खोक्यातली माहितीपुस्तिका मुलांनी कधी वाचली नाही, एवढेच. मला प्रश्न पडला तो वडिलांसमोरच्या चाचणीचा. म्हणून मी विचारले, “दादा, त्या दिवशी पडद्यावर बदके किती होती?”

ते बराच वेळ आठवत राहिले. “दोन. बाबांना माझा नेम दाखवायचा होता, म्हणून अवघड खेळ लावला होता.”

दोन बदकांच्या खेळात कंट्रोलरचा बदकांवर काहीही परिणाम होत नाही.

ताई जिंकल्याच्या आनंदात भावाला चार शब्द सुनावतील, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तसे काही केले नाही. त्यांनी मला दोन बदकांचा खेळ लावायला सांगितले, स्वतः सगळ्या बाजू दाबून पाहिल्या, बदके वळत नाहीत याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, “म्हणजे दादा, तूही खोटं बोलत नव्हतास.”

“पण कंट्रोलर तर मी तुला फसवायलाच दिला होता ना?” भाऊ म्हणाले. त्यावर मलाही काही बोलता आले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. ज्याने फसवण्यासाठी दिले त्याच्याकडून खरी गोष्ट दिली गेली, आणि जिला ती मिळाली तिला घरातल्या प्रत्येकाने इतकी वर्षे खुळी ठरवले. यात दोष कुणाकडे जातो, हे मला ठरवता येत नाही. वडील आता नाहीत, त्यामुळे निकाल बदलायला तिसरे कोणी उरलेलेही नाही. मी बोललो नसतो तर तो विनोद घरात तसाच चालत राहिला असता आणि कुणाला फारसे दुखलेही नसते, असे कधी कधी वाटते. पण त्यांच्या हातात कंट्रोलर असताना गप्प बसणे मला शक्य नव्हते.

आता त्यांच्यापुढे टीव्हीचा प्रश्न आहे. घरच्या सपाट टीव्हीवर ताईंना बदक वळवता येते, पण भावाला ते मारता येत नाही, आणि सपाट पडद्यासाठी खेळात व बंदुकीत बदल करण्याचे जे उपाय आहेत ते दोघांनाही नको आहेत. ट्यूबचे टीव्ही लोक भंगारात काढत असल्याने चांगला मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला, एक मोठा, शेवटच्या काळातला ट्यूबचा टीव्ही फुकट मिळतो आहे म्हणून. मी त्यांना त्याच्या मागचे लेबल वाचायला लावले. तो १०० हर्ट्झचा निघाला. तसले टीव्ही ट्यूबचे असूनही चित्र आत साठवून दुप्पट वेगाने दाखवतात, आणि बंदूक त्यांच्यावरही आंधळीच राहते. मी नको म्हणून सांगितले. साधा, छोटा आणि एनटीएससी सिग्नल घेणारा टीव्ही मीही शोधतो आहे.