फोनची पाठ

"तू पण फोनच बघतोयस की, मामा!"

नऊ वर्षांच्या भाचीने मला मुद्देमालासकट पकडलं. तिला 'जरा पुस्तक वाच' असं बजावून मी नुकताच आडवा झालो होतो. खरं तर मी वाचतच होतो. फोनवर का होईना, चांगली जाडजूड कादंबरी. पुरावा म्हणून स्क्रीन तिच्यापुढे धरली. तिने क्षणभर पाहिलं, "हं" म्हणाली आणि टॅबमध्ये परत डोकं घातलं. खटला निकाली.

तिचं चुकलं नव्हतं. पुस्तक वाचणारा माणूस समोरच्याला दिसतो. मुखपृष्ठ दिसतं, खूण कुठवर सरकली ते दिसतं. फोनची पाठ मात्र सदा तीच. आत कादंबरी असो, विजेचं बिल असो की मांजरांचे व्हिडिओ. वाचन घरातून गेलं की नाही कोण जाणे, पण ते दिसेनासं नक्की झालं. आणि मुलं तर पाहून शिकतात.

मी कसा वाचायला लागलो ते आठवून पाहिलं. 'वाचन कर' असं आई म्हणाल्याचं आठवत नाही. ती दुपारी पुस्तक घेऊन बसायची आणि मध्येच एकटीच हसायची. "काय झालं?" विचारलं, की "काही नाही, तुला नाही कळायचं." एवढं पुरे व्हायचं. ती उठली की मी ते पुस्तक उघडून हसू कुठल्या पानावर आहे ते शोधायचो. बहुतेकदा सापडायचं नाही.

अर्थात आपल्या लहानपणाचं फार कौतुकही नको. आम्ही काही जन्मजात रसिक नव्हतो, कंटाळलेलो होतो. सुट्टीतली दुपार संपता संपायची नाही. पुस्तकाने तेव्हा कुणाला हरवलं नव्हतं. समोर कुणी उभंच नव्हतं.

आणि कंटाळ्याची गरज होती, कारण वाचन मुळात कष्टाचं काम. बोलणं मूल ऐकता ऐकता उचलतं, वाचणं मात्र शिकवावं लागतं. लिपीला जेमतेम ५००० वर्षं झाली, मेंदूत तिच्यासाठी आयती जागा नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागालाच अक्षरांची ओळख करून द्यावी लागते. डोळासुद्धा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो. सेकंदाला तीन-चार मुक्काम, आणि दर दहा उड्यांमागे एखादी मागे, निसटलेला शब्द पकडायला. हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत गोष्टीत रमायला फुरसत कुठली? अक्षरओळख झाली पण गोडी लागली नाही, असा एक कोरडा पट्टा मधे असतो. आम्हाला तो कंटाळ्याने ढकलत ढकलत पार करायला लावला. आताच्या मुलाला पट्ट्याच्या ऐन मध्यावर टॅब भेटतो.

तोही असा, की ज्याला तळच नाही. पान संपतं, प्रकरण संपतं, तिथे मान वर होते, कुणीतरी हाक मारतं. स्क्रीनवरचा हा तळ काढून टाकणारी, अंगठ्याने सरकवाल तितकं नवं पुढे आणणारी न संपणारी सरकपट्टी अझा रास्किन नावाच्या माणसाने २००६ मध्ये केली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. तोवर अंगठ्यांना सवय लागून गेली होती. त्यात माझाही अंगठा.

ब्रिटनमधली नॅशनल लिटरसी ट्रस्ट ही संस्था मुलांना वाचनाच्या आवडीबद्दल नियमित विचारते. २०२४ मध्ये ८ ते १८ वयाच्या मुलांपैकी साधारण तिघांत एकानेच मोकळ्या वेळात वाचायला आवडतं असं सांगितलं. २००५ पासूनचा तोवरचा हा नीचांक होता. तोच प्रश्न मला विचारला असता, तर 'हो' म्हणालो असतो. मग हळूच भाचीकडे पाहिलं असतं.

परवा तीच कादंबरी कपाटातून काढली, कागदाची. धूळ झटकली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, दोनदा उठून बघून आलो, मग बसलो. विसाव्या पानाच्या आसपास मोठ्याने हसलो. हसू खरं होतं की थोडं तिच्यासाठी, ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

"काय झालं, मामा?"

"काही नाही. तुला नाही कळायचं."

तिने एका कानातला हेडफोन काढला.